खुर्च्यांचा हिशेब

निवडणूक खर्चाच्या कक्षात काम केलेल्या माणसाची नजर कायमची बिघडते. लग्नाला गेलं तरी आधी मांडव किती बाय किती, खुर्च्या साध्या की कव्हरवाल्या, स्पीकर किती जोड्या हेच डोळ्यांत भरतं. माझी नजर महूमध्ये बिघडली. मी मध्य प्रदेश शासनाच्या लेखा विभागात होते. घरात मराठी, कचेरीत हिंदी, असं इंदुरी मराठी माणसाचं असतं तसंच माझंही. 2023 ची विधानसभा आणि 2024 ची लोकसभा, या दोन्ही निवडणुकांत माझी नेमणूक महूच्या खर्च देखरेख कक्षात झाली. पुढे नोकरी सोडून मी निवडणूक निधी आणि लॉबिंग यांवर धोरण-टिपणं लिहिणाऱ्या एका अभ्याससंस्थेत गेले. दोन्ही ठिकाणचा विषय पैसाच. पण महूत मी पैसा जातो कुठं ते बघत होते आणि आता तो येतो कुठून ते बघते. या दोन कामांच्या मधल्या फटीबद्दल मला सांगायचं आहे.

महू हे हिशेबाच्या दृष्टीनं जरा विचित्र गाव आहे. 1818 मध्ये होळकरांशी मंदसौरचा तह झाला आणि इंग्रजांनी इथं छावणी वसवली. छावणीच्या जागेवर लष्कराचा अंमल, बाजाराच्या बाहेर ग्रामपंचायती, पलीकडे पिथमपूरचे कारखाने. जिल्हा इंदूर, पण लोकसभेचा मतदारसंघ धार. त्यामुळे विधानसभेला आमचे कागद इंदूरला जायचे आणि लोकसभेला धारला. शिवाय याच गावात 14 एप्रिल 1891 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म झाला, आणि ज्या कायद्याच्या आधारानं आम्ही उमेदवारांच्या खुर्च्या मोजत होतो, तो 1951 चा लोकप्रतिनिधित्व कायदा कायदामंत्री म्हणून त्यांनीच संसदेतून पार करून घेतला. आपल्याच कायद्याखालच्या दोन निवडणुका ते स्वतः हरले: 1952 मध्ये उत्तर मुंबईत आणि 1954 मध्ये भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत. त्यांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनकडचं पैशाचं बळ काँग्रेसपुढं नगण्य होतं. महूत काम करताना हे आठवायला मुद्दाम काही करावं लागत नाही, कक्षातून बाहेर पडलं की चौकात बाबासाहेब असतातच.

कामाचं स्वरूप थोडक्यात असं. विधानसभेच्या उमेदवाराला आमच्याकडे 40 लाखांची खर्चमर्यादा, लोकसभेच्या उमेदवाराला 95 लाखांची. अर्ज भरण्याच्या निदान एक दिवस आधी त्यानं वेगळं बँक खातं उघडायचं. त्याला एक नोंदवही मिळते. तिची पांढरी पानं रोजच्या खर्चाची, गुलाबी रोकडीची आणि पिवळी बँकेची. एका माणसाला किंवा दुकानाला 10 हजारांच्या वर रोख द्यायचे नाहीत. प्रचाराच्या काळात तीनदा वही तपासायला आणायची. त्याच वेळी त्याच्या नावाची दुसरी वही आम्ही चालवत असतो, तिला शॅडो रजिस्टर म्हणतात. उमेदवार स्वतःच्या वहीत काय लिहितो आणि आम्ही आमच्या वहीत काय लिहितो, यातला फरक म्हणजे आमचं काम. फरक निघाला की निवडणूक निर्णय अधिकाऱ्याची नोटीस, 48 तासांत उत्तर, मग एकतर खर्च मान्य किंवा वाद.

त्याआधी दरपत्रक ठरतं. खुर्ची, तंबू, ढोल, झेंडा, हार, चहा, पोहे, कचोरी, सगळ्याचा दर सर्व पक्षांच्या प्रतिनिधींना बोलावून ठरवायचा. एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारी ही माणसं त्या बैठकीत कशी एका सुरात बोलतात ते ऐकण्यासारखं असतं. दर कमी लागला तर मर्यादेत जास्त मावतं, हे सगळ्यांना ठाऊक. पोह्यांच्या प्लेटवर अर्धा तास वाद झालेला मी ऐकला आहे. शेवटी बाजारात जाऊन हॉटेलवाल्यांकडून लेखी भाव आणले, तेव्हा कुठे मंडळी गप्प बसली.

आमच्या व्हिडिओ पथकातला मुलगा एरवी लग्नांचं शूटिंग करायचा. पहिल्या सभेची चित्रफीत बघायला बसलो तर त्यात नेत्याच्या गळ्यात पडणारे हार, पुढच्या रांगेतल्या बायकांचे चेहरे, मंचावरच्या मिठ्या. चित्रण सुंदर, पण आमच्या कामाचं काहीच नाही. नियम असा की चित्रण सुरू होताच कॅमेरामननं तोंडानं सांगायचं: कार्यक्रम कोणता, तारीख, ठिकाण, पक्ष, उमेदवार. मग कॅमेरा फिरवत गाड्या किती, त्यांचे नंबर काय, खुर्च्या अंदाजे किती, मंच केवढा, कटआउट किती, हे बोलत जायचं. हे पुरावा म्हणून लागतं. त्याला म्हटलं, ‘‘बाळा, इथं नवरदेव बघायचा नाही, मांडव बघायचा.’’ दोन दिवसांत तो पक्का तयार झाला. नंतर नंतर तर तो रांगेतल्या खुर्च्या मोजून रांगांनी गुणायचा आणि मागच्या बाजूला न उघडलेल्या खुर्च्यांची थप्पी असेल तर तीही सांगायचा. रात्री आम्ही फीत थांबवत, मागे नेत मोजणी करायचो. टेबलावर गार झालेला चहा, समोर गोठलेलं चित्र, आणि ‘डावीकडचा जनरेटर कुणाचा’ यावर चर्चा.

या फितींमध्येच मला पहिली शिकवण मिळाली. राष्ट्रीय नेता येतो तेव्हा त्याच्या प्रवासाचा खर्च उमेदवाराच्या खात्यात येत नाही, कारण तो स्टार प्रचारक. पण उमेदवार त्याच्याबरोबर मंचावर बसला, किंवा बॅनरवर उमेदवाराचं नाव-फोटो असला, तर सभेचा खर्च उमेदवाराच्या माथी. म्हणून काय होतं? उमेदवार मंचावर चढतच नाही. तो खाली श्रोत्यांत बसतो, कपाळाचा घाम पुसत. बॅनरवर फक्त पक्षाचं चिन्ह आणि नेत्याचा चेहरा. हजारोंची सभा, हेलिपॅड, बसेस आणि हा सारा खर्च पक्षाचा. पक्षाच्या खर्चाला मर्यादा नाही. आमच्या वहीत त्या दिवसाची नोंद कोरी. एका उमेदवाराच्या मुनीमानं हसत मला सांगितलं, ‘‘मॅडम, आमचे साहेब त्या दिवशी फक्त भाषण ऐकायला आले होते.’’ त्याचं म्हणणं कायद्यानं बरोबर होतं.

हे छिद्र आजचं नाही. सर्वोच्च न्यायालयानं 3 ऑक्टोबर 1974 रोजी कंवरलाल गुप्ता विरुद्ध अमरनाथ चावला या खटल्यात सांगितलं की पक्षानं उमेदवारासाठी केलेला खर्च उमेदवाराच्याच खात्यात धरला पाहिजे, नाहीतर मर्यादेला अर्थ उरत नाही. काही आठवड्यांत सरकारनं वटहुकूम काढून आणि पुढे कायद्यातच स्पष्टीकरण घालून तो निकाल निष्प्रभ केला. 2003 मध्ये ते स्पष्टीकरण आवळलं गेलं, पण नेत्यांचा प्रवास आणि पक्षाचा सर्वसाधारण प्रचार बाहेरच राहिला. खर्चमर्यादा आणि प्रत्यक्ष खर्च यांच्यातलं अंतर सगळ्यांना माहीत असतं, तरी उघड कुणी बोलत नाही. 2013 मध्ये गोपीनाथ मुंडे जाहीर भाषणात बोलून गेले की 2009 च्या लोकसभा निवडणुकीत आपल्याला आठ कोटी खर्च आला. तेव्हाची मर्यादा होती 25 लाख. निवडणूक आयोगाची नोटीस गेली, खुलासा आला. मला त्या प्रसंगात मुंड्यांपेक्षा श्रोत्यांचं नवल वाटतं: आकडा ऐकून कुणी चकित झालं नाही, चकित झाले ते त्यांनी तो उच्चारला म्हणून.

दुसरी शिकवण नाक्यावर मिळाली. आग्रा-मुंबई रस्त्यावर मानपूरच्या बाजूला स्थिर पथकाचा नाका होता: एक दंडाधिकारी, पोलीस, कॅमेरावाला. विधानसभेचं मतदान 17 नोव्हेंबरला, दिवाळी 12 ला, आणि देवउठनी एकादशीनंतर लगेच लग्नसराई. म्हणजे नेमका सगळा माळवा खिशात रोकड घेऊन हिंडतो असे दिवस. सोयाबीन विकून परतणारे शेतकरी धोतराच्या घोळात नोटा बांधून आणत. त्यांच्याजवळ मंडीची चिठ्ठी असे, ते सुटत. अडकायचे ते मधले. एक जोडपं लेकीच्या लग्नाचं सोनं घ्यायला इंदूरला निघालेलं, पिशवीत रोकड आणि लग्नपत्रिका. पथकप्रमुख नवा, घाबरलेला. सोडलं तर आपल्यावर येईल म्हणून त्यानं पंचनाम्याचा कागदच काढला. मी नियम वाचून दाखवला: 50 हजारांवरची रोकड उमेदवार, त्याचा प्रतिनिधी किंवा पक्षाचा कार्यकर्ता यांच्या गाडीत सापडली तर जप्तीचा प्रश्न, 10 लाखांच्या वर असेल तर आयकर खात्याला कळवायचं, सामान्य माणसाचा निवडणुकीशी संबंध दिसत नसेल तर त्याचा पैसा अडवायचा नाही. आणि चुकून अडवलाच तर जिल्ह्यात तीन अधिकाऱ्यांची समिती बसलेली असते, तिनं तो सोडवायचा. बाई रडवेली झाली होती. तिला पत्रिका परत दिली तेव्हा तिनं मलाच लग्नाचं आमंत्रण दिलं.

नाक्यावर उभं राहून हे मात्र उमगलं की ज्याला आपल्या पैशात लपवण्यासारखं काही वाटत नाही, तोच रस्त्यानं येतो.

तिसरी गोष्ट 14 एप्रिल 2024 ची. लोकसभेची आचारसंहिता 16 मार्चपासून लागलेली. आंबेडकर जयंतीला महाराष्ट्रातून, विशेषतः खानदेश-विदर्भातून, अनुयायांचे लोंढे महूला येतात. जन्मभूमी स्मारकापाशी मुंगी शिरायला जागा नसते. रस्त्यावर पाण्याचे, जेवणाचे, नाश्त्याचे मांडव. त्यातले कित्येक निखळ सेवाभावानं घातलेले, आणि काहींवर हात जोडलेल्या पुढाऱ्यांचे मोठाले चेहरे. आमच्या पथकातल्या एका तरुण लेखापालानं विचारलं, ‘‘मॅडम, हे कुणाच्या खात्यात धरायचं?’’ कायदा बघितला. उमेदवाराचा खर्च मोजायचा तो नामनिर्देशनाच्या तारखेपासून निकालापर्यंत. धारची अधिसूचना निघणार होती 18 एप्रिलला. म्हणजे त्या दिवशी उमेदवार नावाची व्यक्तीच कायद्याच्या लेखी जन्माला आली नव्हती. पुऱ्या तळल्या गेल्या, भाजी वाढली गेली, फलक झळकले आणि खर्च कुणाचाच नव्हता. ज्यांनी कायदा संसदेत मांडला त्यांच्याच जयंतीला, त्यांच्याच जन्मगावी, हे कलम मला जितकं नीट समजलं तितकं कुठल्याच प्रशिक्षणात समजलं नव्हतं.

आता त्या माणसाबद्दल, ज्याच्यामुळे मी धोरणाच्या कामाकडे वळले. विधानसभेला एक अपक्ष उभा होता, सायकल दुरुस्तीचं आणि पंक्चरचं छोटं दुकान असलेला. अनामत मेहुण्याकडून उसनी घेतलेली. प्रचार म्हणजे पत्रकांचे गठ्ठे आणि स्वतःची सायकल. पहिल्या तपासणीला त्यानं वही आणली. पांढऱ्या पानावर सुवाच्य अक्षरात छपाईचा खर्च, डिंकाचा, आणि ‘सहकाऱ्यांना चहा’. बिलं टाचणीनं नीट टोचलेली. आमच्या शॅडो रजिस्टरशी पैचाही फरक नाही. मोठ्या उमेदवारांचे सनदी लेखापाल ज्या गुलाबी पानांशी झटापट करत होते, ती यानं एकट्यानं भरली होती. मग दुकान बंद राहून पैसे संपले, तो दमला आणि यायचा थांबला.

3 डिसेंबरला निकाल लागला. निकालानंतर 30 दिवसांत प्रत्येक उमेदवारानं पूर्ण हिशेब दाखल करायचा असतो. फोन केला तर म्हणाला, ‘‘मॅडम, हरलो मी. आता कसला हिशेब?’’ त्याला वाटलं होतं की हिशेब जिंकणाऱ्यानं द्यायचा. कलम 10-अ खाली हिशेब न देणाऱ्याला तीन वर्षांसाठी अपात्र ठरवता येतं, हे मी त्याला समजावलं तेव्हा तो काही क्षण गप्प राहिला आणि म्हणाला, ‘‘आणि ज्यांनी पैसे वाटले, त्यांना?’’ नोटीस निघाल्यावर मिळणाऱ्या वीस दिवसांत तो एकदाचा आला, उशिराचं कारण लिहून दिलं, गोषवारा भरला. त्याचा प्रश्न मात्र माझ्याकडेच राहिला.

कारण आयोगाच्या अपात्रांच्या याद्या चाळल्या तर बहुतेक नावं याच्यासारख्यांची दिसतात: अपक्ष, छोट्या पक्षांचे, अनामत गमावलेले. हिशेब आलाच नाही हे सिद्ध करायला एक तारीख पुरते. हिशेब खोटा आहे हे सिद्ध करायला वर्षं जातात. आमच्याच राज्यात नरोत्तम मिश्रा यांना 2008 च्या निवडणुकीतल्या पेड न्यूजवरून आयोगानं 2017 मध्ये अपात्र ठरवलं. पुढच्या वर्षी दिल्ली उच्च न्यायालयानं तो आदेश रद्द केला. महाराष्ट्रात अशोक चव्हाण यांच्या 2009 च्या हिशेबावरचा आयोगाचा आदेश 2014 मध्ये आला आणि त्याच वर्षी तोही न्यायालयात टिकला नाही. कोण बरोबर, कोण चूक यात मी शिरत नाही. ज्याच्याकडे वकील आहे त्याच्या हिशेबाचा निकाल लागेपर्यंत विधानसभेची मुदत संपून जाते, एवढंच मला दिसतं.

नव्या नोकरीत मी उलट्या टोकापासून सुरुवात केली: पैसा येतो कुठून? मराठी वाचकानं माहीत करून घ्यावा असा एक खटला मला तिथं सापडला. 1957 मध्ये टाटा आयर्न अँड स्टील कंपनी आपल्या घटनापत्रकात बदल करून राजकीय पक्षांना देणग्या देण्याची मुभा मागत मुंबई उच्च न्यायालयात आली. मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी मुभा दिली, कारण कायद्यात मनाई नव्हती; पण निकालपत्रातच संसदेला धोक्याची जाणीव करून दिली, की कंपन्यांचा पैसा पक्षांत आला तर लोकशाहीच गुदमरेल. 1960 मध्ये अशा देणग्यांवर मर्यादा आली, 1969 मध्ये पूर्ण बंदी, 1985 मध्ये पुन्हा परवानगी. बंदीच्या सोळा वर्षांत पैसा थांबला असं कुणीच म्हणत नाही. त्याच्या पावत्या थांबल्या. मग 2017 मध्ये नफ्याच्या साडेसात टक्क्यांची अटही काढली गेली आणि 2018 पासून निवडणूक रोखे आले. देणारा बँकेला माहीत, मतदाराला नाही. 15 फेब्रुवारी 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठानं रोखे घटनाबाह्य ठरवले. तोवर सुमारे 16,500 कोटींचे रोखे विकले गेले होते.

त्या मार्चमध्ये रोख्यांच्या याद्या जाहीर झाल्या तेव्हा मी महूच्या कक्षातच होते. लोकसभेची तयारी चाललेली, आणि आमची पोरं मोबाइलवर ओळखीच्या कंपन्यांची नावं शोधत होती. एका बाजूला टेबलावर चहाच्या कपाचं दरपत्रक, दुसऱ्या बाजूला पडद्यावर कोटींच्या रांगा. आम्ही मोजत होतो तो खर्च त्या रांगांच्या अगदी शेवटच्या टोकाला, पेल्यात उरलेला होता.

लॉबिंगचं काम तर याहून निसरडं. देणगीची निदान पावती असते. मंत्रालयात झालेल्या भेटीची तीही नाही. आपल्याकडे लॉबिंगवर कायदाच नाही: ते कायदेशीर नाही, बेकायदाही नाही. 2012 च्या डिसेंबरमध्ये संसदेत गदारोळ झाला होता, वॉलमार्टनं भारतातल्या किरकोळ बाजारासाठी लॉबिंग केल्याच्या बातमीवरून. ती बातमी आपल्या कुठल्या दप्तरातून निघाली नव्हती. अमेरिकेच्या 1995 च्या कायद्यानुसार कंपनीनं तिकडच्या संसदेत जी विवरणपत्रं भरली, त्यांत भारताचं नाव होतं. आपल्याशी संबंधित गोष्ट आपल्याला परक्यांच्या नोंदवहीतून कळली. सरकारनं चौकशीला न्यायमूर्ती मुकुल मुदगल यांना नेमलं. नोंदवही मात्र आपण आजही उघडलेली नाही. आयर्लंडसारख्या छोट्या देशात 2015 च्या कायद्यानं कोण, कुणाला, कशासाठी भेटलं याचं विवरण वर्षातून तीनदा भरावं लागतं. आपल्याकडे 2014 पासून एक धोरण आहे: विधेयकाचा मसुदा निदान 30 दिवस लोकांपुढं ठेवावा आणि आलेल्या सूचनांचा गोषवारा प्रसिद्ध करावा. ते धोरण आहे, कायदा नव्हे; पाळलं तर पाळलं.

मी टिपणात मांडते ते फार मोठं नाही. पक्षांच्या प्रचारखर्चाला मर्यादा असावी. देणगीची नोंद वर्ष संपल्यावर नव्हे तर निवडणुकीआधी लोकांना दिसावी. आज 20 हजारांपर्यंतच्या देणगीदाराचं नाव पक्षानं कळवायचीही गरज नाही. मंत्र्यांच्या आणि सचिवांच्या भेटींची नोंदवही असावी. खर्च मोजायची सुरुवात नामनिर्देशनाऐवजी निवडणुकीच्या घोषणेपासून व्हावी. आणि छोट्या उमेदवाराला वही भरायला कक्षात एक माणूस द्यावा, म्हणजे तो केवळ अज्ञानापायी अपात्र होणार नाही. यावर दिल्लीत बैठका होतात, मंडळी माना डोलावतात आणि म्हणतात, एवढ्या बारीक नोंदी ठेवणं पक्षांना व्यवहारात जमणार नाही.

तेव्हा मी त्यांना पंक्चरवाल्याच्या वहीबद्दल सांगते. वेगळं बँक खातं, तारखेची बिलं, 10 हजारांच्या वर रोख नाही, तीनदा तपासणी, आणि एका पानाला एक रुपया भरला की कुणालाही नक्कल. पाना-पकड टाकून संध्याकाळी दुकानाच्या पायरीवर बसून त्यानं हे जमवलं, निदान पैसे संपेपर्यंत तरी. ज्यांच्याकडे मुनीम, सनदी लेखापाल आणि वकील आहेत, त्यांना हे जमत नाही असं मला अजून कुणी पटवून देऊ शकलेलं नाही.